चौथं बोट आणि सावरीचं रान

तळपायाला मुंग्या येऊन चार-पाच दिवस झाले असतील, चप्पल पायातून निसटली तरी कळत नसेल, आणि घरच्यांनी विचारलं की ‘अवघडलं असेल’ म्हणून तुम्ही त्यांच्यावरच खेकसत असाल, तर हे वाचणं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जा. मी गेलो नाही. मी बाजारात गेलो.

माझा धंदा शेळ्या-बोकडांचा. गंगापूरकडच्या एका खेड्यातून शहरात आलो तेव्हा हातात एक शेळी आणि तिचा दोर होता, आणि शेळी दुसऱ्याची होती. पुढचं सगळं मी तोंडाच्या आणि बोटांच्या जोरावर मिळवलं. तोंड फटकळ आहे, ते मला माहीत आहे. बोटांचं जरा समजावून सांगतो, कारण माझं सगळं आजारपण त्यांच्याभोवतीच फिरतं.

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात आम्ही जुने लोक तोंडानं सौदा करत नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, हातांवर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली एकानं दुसऱ्याची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका आकडा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. पटलं नाही तर हात सोडायचा, पटलं तर दाबायचा. दाबला की विषय संपला. त्यानंतर जो शब्द फिरवतो, त्याच्या रुमालाखाली परत कुणी हात घालत नाही. पंचवीस वर्षं मी असा जगलो आणि माझ्या बोटांनी एकदाही चूक केली नव्हती.

*

त्या गुरुवारी सकाळी बाजारात शिरताना टपरीवर चहा घेतला. ग्लास हातात धरला तर गार. मी चहावाल्याला झापलं, “गार चहा पाजतो व्हय रे?”

“आप्पा, आत्ता उतरवलाय.”

रागानं मोठा घोट घेतला आणि जीभ भाजली. त्यावरूनही त्यालाच बोललो.

मग म्हाळबा भेटला. हा सारोळ्याच्या डोंगराकडचा धनगर, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. माझ्या बायकोचं, शोभाचं, माहेर त्याच गावचं, म्हणून ती त्याला दादा म्हणते. वीस शेळ्या घेऊन आला होता. माल नंबर एक. मी रुमाल टाकला, त्यानं माझी बोटं धरली. मला तीन लागली. इतक्या स्वस्तात देतोय म्हणून मनात हसलो आणि चटकन हात दाबला.

पैसे पुढे केले तर म्हाळबा म्हणाला, “आप्पा, चार धरली व्हती.”

“तीन.”

“चार. करंगळी बी धरली व्हती की.”

माझं डोकं सटकलं. रुमाल त्याच्या अंगावर फेकला. “म्हातारपणी लबाडी सुचली का तुला? पांढऱ्या केसांची तरी लाज ठेव,” असं भर बाजारात ओरडलो. आणखीही बरंच बोललो, ते इथे लिहीत नाही. माणसं जमली. सगळे माझ्या बाजूनं बोलले, कारण मी मोठा व्यापारी. म्हाळबानं शेळ्या वळवल्या आणि चालायला लागला.

सोमवारी मला घराचा जिना चढता आला नाही. बुधवारी उभं राहता आलं नाही.

*

डॉक्टर तरुण होते. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हलला नाही. परत मारली. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. डॉक्टर उभ्यानं न बोलता बसून बोलायला लागला की समजावं, गोष्ट मोठी आहे. जीबीएस, ते म्हणाले. पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते ना, त्या जंतूंशी लढता लढता शरीराची फौज चुकून स्वतःच्याच नसांवर उलटली आहे. बहुतेक लोक बरे होतात, पण वेळ लागतो.

“किती?”

“तीन महिने. कधी कधी वर्ष.”

“पंधरा दिवसांत बसवा की.”

डॉक्टर हसले नाहीत. शोभा मात्र रडता रडता हसली. “अहो, दवाखाना आहे, बाजार न्हाय.”

पहिले दहा दिवस अतिदक्षता विभागात होतो. भीती पायांची नव्हती. आजार वर सरकत छातीपर्यंत गेला तर श्वासाचं यंत्र लावावं लागतं. म्हणून दर थोड्या वेळानं नर्स यायची आणि एका श्वासात आकडे मोजायला लावायची. पहिल्या दिवशी तीस झाले. दुसऱ्या दिवशी बावीस. मग सतरा. मी चोरून मध्येच श्वास घ्यायला लागलो, तर नर्सनं पकडलं. “काका, मला फसवून काय मिळणार तुम्हाला?” भेटीच्या वेळेला शोभा दाराशी उभी राहून माझ्याबरोबर ओठांनी आकडे मोजायची. ज्या दिवशी मी अकरावर थांबलो, त्या दिवशी तिचे ओठ पुढे हलत राहिले. बारा, तेरा, चौदा. जणू उरलेले ती भरून देणार होती.

यंत्र लागलं नाही. बारा झाले, मग सोळा. ज्यांचे आकडे आज खाली येत असतील त्यांना एवढंच सांगतो की माझेही आले होते.

*

साध्या खोलीत हलवल्यावर भेटायला माणसं यायला लागली. ‘कसं आहे’ विचारलं की मी म्हाळबाची गोष्ट सुरू करायचो. कसा फसवत होता, कसा मी हाणून पाडला. पाय हलत नव्हते, घास दुसऱ्यानं भरवावा लागत होता. तेवढी एक गोष्ट सांगताना मला मी पहिल्यासारखा वाटायचो. शोभा एकदा म्हणाली, “म्हाळबादादा खोटं बोलणारा माणूस न्हाय.” मी असा ओरडलो की शेजारच्या खोलीतून कुणीतरी बघायला आलं. ती उठून बाहेर गेली आणि तासभर आली नाही. त्या तासात मला पाणी हवं होतं, आणि ग्लास हातभर अंतरावर होता.

फिजिओथेरपीची एक मुलगी यायची, वर्ध्याकडची. दुपारी एकदा ती म्हणाली, “काका, डोळे मिटा. मी तुमची बोटं धरते, किती धरली ते सांगा.”

मला हसू आलं. या कामात मी उस्ताद. डोळे मिटले.

“तीन.”

“आता बघा.”

तिच्या मुठीत माझी चार बोटं होती. करंगळी अगदी घट्ट धरलेली होती.

“परत धर,” मी म्हणालो. परत तीन. तिसऱ्यांदाही तीनच. ती कागदावर काहीतरी लिहीत होती आणि मी भिंतीकडे बघत होतो.

मन लगेच घासाघीस करायला लागलं. आजार आला सोमवारी, सौदा गुरुवारचा. गुरुवारी हात ठणठणीत होते. मग तो चहाचा ग्लास आठवला. हाताला गार लागला होता, आणि जीभ भाजली होती. शनिवारपर्यंत हुळहुळत होती.

कुणाला काही सांगितलं नाही. आपल्याकडचा माल नासका निघाला तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही, ही सवय. भेटायला येणाऱ्यांना म्हाळबाची गोष्ट सांगणं तेवढं बंद केलं. शोभाच्या ते लक्षात आलं असणार.

*

घरी आलो तो वॉकर धरून. जानेवारीत काठीवर आलो. पाय परतत होते, बोटं मात्र हट्टाला पेटली होती. शर्टाची बटणं शोभा लावायची. फिजिओच्या मुलीनं एक डबा करून दिला होता: मूग, राजगिरा, चिंचोके, कापडाचे तुकडे. डोळे मिटून हात घालायचा आणि काय लागतं ते ओळखायचं. मला सगळं सारखंच लागायचं, हातमोजे घालून चाचपल्यासारखं. एका सकाळी मी डबा भिंतीवर फेकला. पुढचा आठवडाभर सोफ्याखालून मूग निघत होते.

शोभानं झाडू मारला, हात धुतले आणि म्हणाली, “उद्यापासून दुसऱ्या डब्यात हात घालायचा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच पिकअपच्या स्टिअरिंगवर शोभा बसलेली. मी दवाखान्यात असताना ती गाडी शिकली होती. मला विचारलं नव्हतं, यावरून मी चौक्याच्या घाटापर्यंत भांडलो. ती गिअर बदलत राहिली. मागच्या हौद्यात शेळ्यांचा वास अजून होता, नुसता वास.

सारोळ्याच्या रानात गाडी थांबली. फेब्रुवारी संपत आला होता. गवत वाळून पांढरं पडलेलं, झाडांना पान नाही. “हे बघायला आणलं? मी काय शाळेची सहल आहे?” मी म्हणालो.

“सहलीची पोरं एवढी कुरकुरत न्हाईत. उतरा.”

खाली उतरलो, काठी टेकली, आणि वर पाहिलं. काटेसावर होती. उघड्या फांद्यांवर एक पान नाही, आणि वाटीएवढाली लाल फुलं. साळुंक्या, बुलबुल, कावळे, सगळ्यांची त्यात झुंबड. मधूनच एखादं फूल सुटायचं आणि जमिनीवर धप्पदिशी पडायचं. फूल पडल्याचा एवढा आवाज येतो, हे मला या वयात कळलं. पंचवीस वर्षं मी या डोंगराखालून शेळ्या भरून नेल्या. वर कधी बघितलंच नव्हतं.

“डोळे मिटा,” शोभा म्हणाली आणि हातात काहीतरी ठेवलं. जड, जाड, ओलसर.

“शेळीचा कान,” मी म्हणालो.

ती एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. सावरीची पाकळी होती. पण मला ती लागली होती. जाड आहे, मऊ आहे, एका बाजूनं गार आहे, हे अंगठ्याला आणि दोन बोटांना कळलं होतं. डब्यातल्या मुगानं जे महिनाभरात केलं नाही ते पाकळीनं केलं होतं. मी दुसरी मागितली. मग तिसरी.

*

त्यानंतर दिवसाआड जायचो. मला कुठे थांबवत नाही. घरी खुर्चीत बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की काठी शोधावी लागते म्हणून चीड येते. रानात निदान चिडायला जागा होती. आणि खरं सांगतो, फुलांची चटक लागली. आज कुठलं झाड फुललं, परवा होतं त्यापेक्षा जास्त की कमी, याचा हिशोब डोक्यात चालायचा. वनखात्यानं लावलेल्या गिरीपुष्पाच्या काठ्या फिकट गुलाबी झाल्या होत्या. उतारावर धायटी, फांदीला चिकटलेली बारीक लाल फुलं, आत मधाचा थेंब. शोभा लहानपणी ती चोखायची. आता मीही चोखली. वाटेकडेला रिंगणी, जमिनीला चिकटलेली, जांभळी, पानापानाला काटा. आणि एका सोमवारी पळस पेटला. पहिल्या दिवशी दोन झाडं, शुक्रवारी अख्खी रांग.

पळसाची कळी हातात घेऊन बघा. बाहेरून ती काळपट मखमलीची असते. करडू जन्मतं तेव्हा त्याच्या कपाळावर शिंगाच्या जागी जी लव असते, अगदी तशी. ती मखमल ओळखायला मला तीन आठवडे लागले. आधी अंगठ्याला कळली, मग पहिल्या बोटाला, मग मधल्या. करंगळी कोरडीच राहिली. मी दर खेपेला तिला कळीवर घासायचो, शिव्या द्यायचो, परत घासायचो.

एकदा सावरीच्या खोडाला हात टेकला. शोभा म्हणाली, “अहो, रक्त.” करंगळीत काटा मोडला होता. मला पत्ता नव्हता. ती काटा काढत होती आणि मी ते दुसऱ्याचं बोट असल्यासारखा बघत होतो. तेव्हा मी तिला सांगितलं. फिजिओच्या मुठीचं, चहाच्या ग्लासाचं, सगळं.

तिनं रक्त पुसलं. “मला वाटलंच होतं,” एवढंच म्हणाली.

*

तेवढ्यात घंटा वाजल्या. शेळ्यांना सावरीची पडलेली फुलं फार आवडतात. सकाळी झाडाखाली सडा पडला की कळप आपणहून तिकडे वळतो. वीस-पंचवीस शेळ्या आल्या आणि लाल फुलं कचाकचा खायला लागल्या. मागून म्हाळबा आला. हे त्याचंच रान. शोभाला ते ठाऊक होतं का, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

“बरी हाईस का गं शोभे?” त्यानं आधी तिला विचारलं. मग माझ्याकडे बघितलं. “आप्पा, लई वाळलात.”

“आजारी होतो.”

“ऐकलं व्हतं.”

“बाजारात दिसत नाही म्हणे हल्ली?”

“माझ्या रुमालाखाली कोण हात घालतंय आता? फुलंब्रीला जातो. तोंडानं इकतो, मिळंल त्या भावानं.”

मी व्यापारी माणूस. चूक कबूल करायची वेळ आली तरी ती कमीत कमी भावात कशी सुटेल, हेच डोक्यात आलं. खांद्यावरचा रुमाल काढला, त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याची चार बोटं धरली. करंगळीसकट. आणि दाबली. त्याला समजलं, हे त्याच्या डोळ्यांत दिसलं. मला वाटलं, झालं. कुणी ऐकलं नाही, शब्दही खर्च झाला नाही.

म्हाळबानं रुमालाखालून हात काढून घेतला.

“रुमालाखाली कबूल करता व्हय, आप्पा? लबाड म्हणलात तवा रुमाल न्हवता.”

मी भडकलो. “अरे, मला बोटंच लागत नव्हती! आजार होता तो. त्यात माझा काय दोष?”

“दोष हाय असं मी कुठं म्हणलो? आजार तुमचा व्हता. नाव माझं गेलं.”

त्यानं जिभेनं टक्-टक् आवाज केला. शेळ्यांनी माना वर केल्या, तोंडात लाल पाकळ्या तशाच, आणि त्याच्यामागं निघून गेल्या.

परतताना घाटात दोन्ही बाजूंना पळस होता आणि मला एक फूल दिसत नव्हतं. “त्याला घरी जेवायला बोलावू,” मी म्हणालो. शोभानं हॉर्न वाजवला. “धोतरजोडी देऊ.” परत हॉर्न. “त्याची सगळी खांड, साऱ्या शेळ्या मी घेतो, तो म्हणेल त्या भावानं.”

“माझ्याशी कशाला घासाघीस करताय?” ती म्हणाली. “माल माझा न्हाय.”

*

आठ दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. काठीनं येरझाऱ्या घालणं सोपं नाही. बुधवारी शोभाला सांगितलं, “माहेरी तुझ्या भावाला फोन कर. म्हाळबाला म्हणावं, उद्या छावणीला ये.”

गुरुवारी टपरीपाशी उभा राहिलो. चहावाल्यानं ग्लास दिला आणि मला तो लगेच दुसऱ्या हातात घ्यावा लागला, एवढा चटका बसला. “आप्पा, गार हाय का?” त्यानं विचारलं. “नाही रे बाबा,” मी म्हणालो, “त्या दिवशीही नव्हता.” त्याला काही उलगडलं नसावं.

म्हाळबा आला, चार शेळ्या घेऊन. बाजार भरलेला. मी काठी आपटली, पण आवाज करायला मला काठीची गरज कधीच नव्हती.

“ऐका रे सगळे. दिवाळीनंतर इथंच मी या माणसाला लबाड म्हणलो होतो. त्यानं चार बोटं धरली होती. चारच होती. माझ्या हाताला रोग लागला होता, मला तीन कळली. खोटा तो नव्हता. चूक माझी, आणि तोंडही माझंच सुटलं.”

क्षणभर नुसत्या शेळ्याच ओरडत होत्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, “आप्पा, मग आमच्या बोटांचं काय? ती नीट मोजली का?” बाजार हसला. माझे कान तापले. एरवी त्याची मी गचांडी धरली असती. काठीच घट्ट धरली.

म्हाळबा हसला नाही. त्यानं खांद्यावरचा स्वतःचा रुमाल काढला, झटकला आणि माझ्यापुढे धरला. मी त्याखाली हात घातला. त्यानं बोटं धरली. एक, दोन, तीन. करंगळीवर काहीतरी होतं, दूरचं, जाड कापडातून आल्यासारखं. मी परत मोजलं. आणि जे त्या बाजारात कुणी कधी करत नाही ते मी केलं. तोंडानं विचारलं.

“चारच ना, दादा?”

“व्हय,” म्हाळबा म्हणाला, “चारच.” आणि रुमालाखाली त्यानं माझी करंगळी अशी काही पिरगाळली की तिच्यातून कोपरापर्यंत कळ गेली.

मी हात दाबला.